भाजल्या चण्यांची अक्षरं

लहानपणीची सकाळ आठवायची म्हटलं की मला आधी कढईतली तडतड ऐकू येते, मग कोंबडा. मागच्या अंगणात माय चुलीवर लोखंडी कढई ठेवून तिच्यात नदीची वाळू तापवायची. वाळू कडकडीत तापली की हळदमिठाच्या पाण्यातून काढून सुकवलेले चणे त्यात टाकायची आणि काड्यांच्या जुडीने भराभर परतायची. चणे फुटायला लागले की वास सगळ्या घरात शिरायचा. मी आणि माझा धाकटा भाऊ गोधडीतून नाकं बाहेर काढून पडून राहायचो. ते चणे आम्हाला मिळत नसत. करपलेले आणि उडून राखेत पडलेले तेवढे आमचे. बाकीचे चाळून, थंड करून माय बांबूच्या टोपलीत भरायची आणि टोपली बाबांच्या हातात द्यायची. "शाळेचे हायेत," असं म्हणायची, देवाचेच जणू. बाबा गावच्या शाळेचे एकटे मास्तर होते आणि ते चणे त्यांच्या पगारातून येत. त्यांना त्याचा अभिमान होता आणि गावालाही मास्तरांचं मोठं कौतुक होतं.

गाव वैनगंगेच्या काठी. चामोर्शीचा बाजार करायचा तर पहाटे गाडी जुंपावी लागे. जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत. शाळा म्हणजे कवेलूच्या, कौलारू छपराची एक खोली, आणि तिच्याच भिंतीला भिंत लावून आमचं घर. भिंतीपलीकडे बाबा काय बोलतात ते चुलीपाशी बसलेल्या मायला शब्दन्‌शब्द ऐकू यायचं. बाबा वरोऱ्याकडचे, काळ्या मातीतले. भात खाऊन पोट भरतं हे त्यांना कधी पटलं नाही. "इथी जंगलात आनून टाकलं मले," असं ते जेवताना म्हणायचे आणि ताटातलं लाखोळीचं वरण बोटाने ढवळत बसायचे. शाळेत मात्र पुस्तकी बोलायचे, अगदी नागपूरच्या ट्रेनिंगात शिकले तसं. त्या ट्रेनिंगात त्यांना बिया मांडून लहान पोरांना अक्षरं शिकवायची पद्धत दाखवली होती. बिया खायला देण्याची जोड मात्र त्यांची स्वतःची. ती काही कोणत्या ट्रेनिंगात शिकवत नसावेत, निदान मला अजून तसा मास्तर दुसरा भेटलेला नाही.

पद्धत अशी होती. बाबा शब्द सांगायचे, समजा, बदक. आधी तो कानाने तोडायचा. ब, द, क, एकेका आवाजाला एक टाळी. जितक्या टाळ्या तितकी पळसाची पानं पुढ्यात ओळीने ठेवायची. मग पहिल्या पानावर बोट ठेवून तो आवाज मोठ्याने म्हणायचा आणि त्याचं अक्षर चणे लावून मांडायचं. काना, मात्रा, वेलांटी सगळं चण्यांचं. पोरं माना खाली घालून मांडत आणि बाबा बांबूची कामटी घेऊन मधून फिरत. शब्द बरोबर असला तर कामटी पानाला टेकवून म्हणायचे, "शाबास. खा." चुकला तर कामटीने पानावरचे चणे ओढून परत टोपलीत आणि एकच शब्द, "उपाशी." आमच्या शाळेत हेच दोन शेरे होते. उपाशी पोरांनी हात मागे बांधून खाणाऱ्यांच्या समोर बसायचं, त्यांचं संपेपर्यंत. मान वळवली तर दुसऱ्या दिवशीही उपाशी. अक्षर जिभेवर बसलं पाहिजे, असं बाबा पाटलांना सांगत आणि पाटील खूश होऊन मिशीवरून हात फिरवत.

आणि पद्धत लागू पडत होती, हे मला मान्य करायलाच हवं. श्रावण-भादव्यात घरोघरचं धान संपलेलं, नवं अजून शेतातल्या बांधीत उभं, एकवेळच्या पेजेवर पोरं शाळेत येत. कोणत्याही पुस्तकाने शिकली नसती इतक्या लवकर ती शिकली. आज माझ्या नातवंडांना रंगीत ठोकळे आणून देतात, आवाज काढणारे, गाणारे. ती दोन दिवसांत कंटाळतात. मला हसू येतं आणि मग माझाच मला राग येतो, कारण हसू कशाचं येतं ते मला पक्कं माहीत आहे.

गिरजा ढिवरांच्या मोहल्ल्यातली. तिचे वडील सोमाभाऊ नदीत आणि तलावात मासे धरत. नदीला पूर असला की जाळं टाकता येत नसे आणि त्यांच्याकडे चूल पेटेलच याची खात्री नसे. गिरजा माझ्याच वयाची, पण मनगटं माझ्या निम्मी. आमच्यात सगळ्यात आधी सगळी अक्षरं तिला आली. तिने एक गोष्ट ताडली होती जी आम्हा कुणाच्या डोक्यात आली नव्हती. ग ला चणे कमी लागतात, झ ला जास्त. साधा शब्द असला तर थोडकं, जोडाक्षर असलं तर ओंजळ भरते. बाबांनी "कुणी आपल्या मनाचा शब्द सांगा" म्हटलं की आम्ही घर, नळ, कप असलं काहीतरी बोलायचो. गिरजा म्हणायची, "झुंजुमुंजू." ती पानं पसरायची आणि तिची काळी बोटं अशी भराभर चालायची की बघत राहावं. अनुस्वाराचा एकेक चणा ती शेवटी ठेवायची, अगदी हलक्या हाताने. बाबांना तिचं कौतुक वाटायचं. घरी जेवताना ते मायला म्हणाले होते, "ढिवराची पोरगी, पन डोकं पाह्य." ढिवराची हा शब्द त्यांनी कौतुकातसुद्धा सोडला नाही.

तिला एक धाकटा भाऊ होता, कचरू. गिरजाच्या पाठची आणि त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून यमाने याच्याकडे ढुंकूनही बघू नये यासाठी त्याचं नाव कचरू. अजून शाळेच्या वयाचा नव्हता. चणे घरी न्यायला बंदी होती. शाळेत मिळवलं ते शाळेतच, सर्वांसमोर खायचं, हा नियम. गिरजा खायची तेव्हा तिचा एक गाल जरा फुगलेला असायचा. आम्हाला माहीत होतं. कुणी सांगितलं नाही. पण एक दिवस बाबांनी तिला शब्द तोडायला सांगितला आणि ती तोंड उघडेना. बाबांनी कामटीने तिची हनुवटी वर केली.

"तोंडात काय आहे?"

गिरजाने ओठ आणखी घट्ट मिटले.

"थुंक."

ती थुंकली नाही. बाबांनी कामटी गालाला लावली, मारली नाही, नुसती लावली आणि हळूहळू दाबली. मग तिने हातावर चणे काढले, ओले, अर्धे भिजून फुगलेले. बाबांनी तिला दारात नेलं आणि ते आमच्या कोंबड्यांना टाकायला लावले. कोंबड्या धावत आल्या. सगळा वर्ग हसला, बाबाही हसले. गिरजा कोंबड्यांकडे बघत उभी होती. ती रडली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हाही वाटलं होतं.

चणे नेता येत नाहीत म्हटल्यावर ती शाळाच घरी न्यायला लागली. संध्याकाळी त्यांच्या अंगणात पळसाची पानं मांडून कचरूला समोर बसवायची. मी एकदोनदा पाहिलं आहे. टाळ्या वाजवायची, बाबांसारखी मान तिरकी करायची, हातात काडी घेऊन फिरायची. मांडायला मात्र एरंडीच्या बिया. दिव्याच्या तेलासाठी तिच्या मायने त्या मागच्या हंगामात गाडग्यात भरून ठेवल्या होत्या. एरंडी खात नाहीत हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं, आणि गिरजाने ती घेतली ती त्यासाठीच. खाल्ली जाणार नाही, उद्या पुन्हा मांडता येईल. कचरूने अक्षर जमवलं की ती म्हणायची, "शाबास. खा." कचरू पानावरून हात उचलून तोंडाजवळ न्यायचा, खोटं खोटं चावायचा, पोट चोळायचा, आणि दोघंही खिदळायची. फार गोड खेळ होता. मलाही एकदा त्यांनी पान मांडून दिलं होतं.

पूर आठवडाभर ओसरला नाही त्या दिवसांतली गोष्ट. घरात शिळ्या भाताचं पाणीही उरलं नव्हतं. कचरूने त्या संध्याकाळी पहिल्यांदा पूर्ण शब्द मांडला, दोन पानांचा. गिरजा हरखली. तिने काडी पानाला टेकवली आणि म्हणाली, खा, आणि पाणी आणायला वळली. परत आली तेव्हा दुसरं पान अर्धं रिकामं होतं आणि कचरू खरंखुरं चावत होता.

रात्रभर त्याला उलट्या आणि रक्ताचे जुलाब झाले. सकाळी सोमाभाऊंनी त्याला पाटलांच्या गाडीत घातलं आणि चामोर्शीच्या दवाखान्यात नेलं. माय भाजत होती ते चणे तिने तसेच कढईत सोडले आणि गाडी जाताना बघायला दारात आली. "पोराचे डोये आत गेले," एवढंच म्हणाली. त्या दिवशी करपलेल्या चण्यांचा वास घरातून संध्याकाळपर्यंत हलला नाही. कचरू वाचला. पण परत आला तो नुसती हाडं होऊन, आणि नंतर किती तरी दिवस तो कुणी जेवायला वाढलं की आधी बहिणीकडे बघायचा.

चामोर्शीहून आल्याबरोबर सोमाभाऊ शाळेच्या अंगणात उभे राहिले. शांत माणूस, कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. "गुर्जी," ते म्हणाले, "माहा पोरगा मरून राह्यला होता. तुमी पोरायले बिया खाले शिकवून राह्यले." बाबांचा चेहरा उतरला. शाळा तपासायला डिप्टी साहेब दिवाळीआधी येणार होते आणि बाबांना वरोऱ्याकडे बदली हवी होती. गोष्ट साहेबांच्या कानावर गेली असती तर बाबा या जंगलातच म्हातारे झाले असते. पाटलांनी गाव जमवलं. शाळेसमोरच्या चिंचेखाली माणसं बसली, बाया मागे उभ्या राहिल्या.

बाबा म्हणाले, "मी चणे दिले. माझ्या पगारातले. एरंडी मी दिली नाही."

"पोरीलेच इचारू ना," पाटील म्हणाले.

बाबांनी दोन पानं मागवली आणि गाडग्यातली एरंडी मागवली. सर्वांसमोर, जमिनीवर बसून, त्यांनी स्वतःच्या हाताने एरंडीच्या बियांनी शब्द मांडला. मग गिरजाला पुढे बोलावलं. तिच्या अंगावर तोच फाटका परकर होता आणि ती दोन दिवस झोपली नसावी.

"वाच."

"घर," गिरजा म्हणाली.

"बरोबर मांडला आहे?"

"हो, गुर्जी."

"बरोबर असला की काय करायचं?"

तिने आधी पानाकडे पाहिलं, मग सोमाभाऊंकडे. शाळेत त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि प्रश्न गुरुजी विचारत होते. "खायचं," ती म्हणाली.

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. "एरंडी खायची?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज आता मोकळा झाला होता. गिरजाला काय चाललं आहे ते कळलं असावं, कारण ती मोठ्याने म्हणाली, "मीच म्हनलं त्याले खा. तुमी म्हनता तसं." पण हसण्यात ते कुणी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि सोडून दिलं. बाबा लोकांकडे वळले. "पाहिलं? पाठांतर आहे, डोकं नाही. अशी पोरं असतात. त्यात शाळेचा काय दोष?" हाच माणूस महिन्याभरापूर्वी जेवताना तिच्या डोक्याचं कौतुक करत होता. मी मायकडे पाहिलं. माय जमिनीकडे बघत होती. सोमाभाऊंनी सगळ्यांसमोर पोरीच्या कानशिलात मारली, आणि पाटील सुस्कारा टाकून उठले. "चाल गे एरंडी," ते म्हणाले, "जाय घरी." माणसं पुन्हा हसली. त्या दिवसापासून गावात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. तिचं शाळेतलं नाव बाबांनी काढून टाकलं.

माझे बाबा वाईट नव्हते असं सगळे म्हणतात. थकले असले की मीही म्हणते. पण डिप्टी साहेब यायच्या सकाळी त्यांनी जे केलं त्याला मला आजही नाव देता येत नाही. चणे भाजून झाले होते, पोरं धुतलेल्या कपड्यांत बसली होती, आणि बाबांच्या लक्षात आलं की अवघड शब्द मांडणारं एकही पोर वर्गात उरलेलं नाही. त्यांनी मला ढिवर मोहल्ल्यात पिटाळलं. गिरजा अंगणात बसून जाळ्याची गाठ मारत होती. तिची माय मला म्हणाली, "आता काऊन पायजे तुमाले एरंडी?" मला जे सांगायला सांगितलं होतं ते मी सांगितलं. साहेब येऊन राह्यले, बाबानं बलावलं. गिरजाने जाळं खाली ठेवलं, तोंड धुतलं आणि माझ्याबरोबर निघाली. वाटेत म्हणाली, "मंग उद्यापासून येऊ का मी?" मला तेच खरं वाटत होतं. म्हटलं, "येजो."

साहेब धोतर-कोटातले, घामाने भिजलेले, गमतीदार गृहस्थ होते. गिरजाने पानं पसरली, टाळ्या वाजवल्या आणि झुंजुमुंजू मांडलं, अनुस्वारासकट. साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि "वा मास्तर" म्हणाले. "आता खा हो बाळ," ते गिरजाला म्हणाले. तिने खाल्लं. पानं उचलून तोंडात रिकामी केली, खाली सांडलेला एकेक वेचून खाल्ला, मग पानाला चिकटलेलं मीठ चाटलं. साहेब पोट धरून हसले, "काय भूक आहे, मास्तर, विद्येची." बाबाही हसले. मला तिच्या गालाकडे बघायचं होतं. या वेळी तिने गालात काहीही ठेवलं नाही. तिने कचरूला नेलेलं खाणं आता त्यांच्या घरी कुणी त्याच्या तोंडात जाऊ दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती आली, केसांना तेल लावून, पाटी घेऊन. बाबा दारातच उभे होते.

"तुझं नाव काढलं आहे," ते म्हणाले.

"काल तं..."

"काल साहेब होते."

ती पायरीखाली उभी राहिली. आत वर्ग सुरू झाला, पानं मांडली गेली. बाबांनी पहिल्या पोराला "खा" म्हटलं तेव्हा ती निघून गेली. दुपारी जेवताना माय बाबांना वाढता वाढता थांबली. भिंतीतून तिने सगळं ऐकलं होतं. "तुमाले पोरं शिकवाची होती," ती म्हणाली, "का कोंबड्या?" बाबा भात कालवून जेवले. मला वाटलं, उद्या माय कढई ठेवणार नाही. पण सकाळी जाग आली ती त्याच तडतडीने. त्या उन्हाळ्यात बाबांची वरोऱ्याजवळ बदली झाली आणि आम्ही ते गाव सोडलं.

मागच्या वर्षी एका लग्नासाठी चामोर्शीला जाणं झालं आणि बाजारात मासे घ्यायला वाकले. "एरंडीबाई, झिंगे कसे दिले?" असं शेजारचं गिऱ्हाईक विचारत होतं. तेव्हा मी मान वर केली. वयाने त्या नावाला बाई जोडलं होतं, एवढाच फरक. मी ओळख सांगितली. तिने माझ्याकडे पाहिलं, "मास्तरची पोरगी," म्हणाली, आणि तराजू उचलला. राग नव्हता, आनंदही नव्हता. कचरू शिकला, येष्टीत कंडक्टर झाला, आता घरीच असतो, हे तिने मासे निवडता निवडता सांगितलं. नव्या मास्तराने चणे दिले नाहीत म्हणून तो उशिरा शिकला, असंही म्हणाली. सगळा बाजार मासे जुन्या वर्तमानपत्रात बांधून देत होता. तिच्या टोपलीशेजारी पळसाची पानं होती. कागद का ठेवत नाहीस, मी विचारलं.

"कागदावर अक्षरं रायते," ती म्हणाली. "अक्षर दिसलं का मले भूक लागते, अजून. जेवून आली असली तरी तोंडाले पानी सुटते. दिसभर कोन बसन तसं?"

तिने पान दुमडून त्याला काडी टोचली आणि मासे माझ्या हातात दिले. मी निघाले. बाजाराच्या समोरच येष्टी स्टँड होता, वर मोठ्या अक्षरांची पाटी. मासेवाल्या साऱ्या बाया गिऱ्हाईक दिसावं म्हणून रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. गिरजा एकटी भिंतीकडे तोंड करून बसली होती.